पाटी ख्रिस्ती, हिशोब खाजगी

प्रश्न : आम्ही मराठी ख्रिस्ती. मूळचे नगर जिल्ह्यातले, आता बरीच वर्षं ठाण्यात, कोपरीला. मिस्टर वागळे इस्टेटमधल्या कंपनीत आहेत, निवृत्तीला चार वर्षं उरलीत. मुलगी यंदा बारावी आर्ट्स झाली, ८६ टक्के मिळाले. तिला मानसशास्त्र करायचंय. बंगळुरूच्या एका खाजगी ख्रिस्ती विद्यापीठात तिचं नाव लागलंय. फी, होस्टेल, जेवण, येणं-जाणं सगळं धरून तीन वर्षांचे बारा लाख होतात. मिस्टर म्हणतात, सात लाखांची एफडी मोडू आणि पाच लाखांचं कर्ज काढू. मोठे दीर म्हणतात, पोरगी ख्रिस्ती वातावरणात राहील, संस्कार टिकतील, पैशाकडे बघू नका. मला वाटतं इथेच कुठेतरी प्रवेश घ्यावा. धाकटा नववीत आहे, त्याचंही पुढे आहेच. मुलगी म्हणते, मला बाहेर जायचंय. सीट पक्की करायला दहा दिवस आहेत. एवढा खर्च करण्यासारखं असतं का हो ते शिक्षण?
– एक आई, ठाणे पूर्व

उत्तर : ताई, आधी उत्तर देते, कारणं मागाहून. तुम्ही लिहिलाय तसा हिशोब असेल, म्हणजे एफडी मोडून वर कर्ज, तर नाही. विद्यापीठ वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तुमच्या घरात प्रत्येकजण वेगळी वस्तू घ्यायला निघालाय आणि पावती मात्र एकच फाडायची चाललीय. मिस्टरांना चांगलं शिक्षण हवंय, दिरांना संस्कार हवेत, मुलीला घराबाहेर पडायचंय. या तिन्ही गोष्टी बारा लाखांत एकत्र मिळतीलच असं नाही, आणि सुट्या घेतल्या तर बऱ्याच स्वस्तात पडतात.

ख्रिस्ती कॉलेज म्हटलं की आपल्या लोकांच्या मनात एक चित्र असतं, आणि ते खोटं नाही. तुम्ही नगरकडच्या, तेव्हा डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळ्यांनी १९४७ मध्ये काढलेलं अहमदनगर कॉलेज तुमच्या घरात कुणीतरी पाहिलेलं असणारच. मुंबईत विल्सनची मुळं १८३२ पर्यंत जातात, झेवियर्स जेझुइट फादरांनी १८६९ मध्ये सुरू केलं, सोफिया सेक्रेड हार्टच्या सिस्टरांनी १९४० मध्ये. या कॉलेजांचं नाव झालं ते फी जबरदस्त होती म्हणून नव्हे. १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून, म्हणजे इंग्रजांच्या शिक्षणविषयक धोरणपत्रापासून, खाजगी शिक्षणसंस्थांना सरकारी अनुदानाची वाट खुली झाली, आणि शिकवणाऱ्यांतले कितीतरी फादर, सिस्टर आणि मिशनरी असे होते की ज्यांना पगार घरी न्यायचाच नव्हता. साध्या घरातलं पोर तिथे जाऊन शिकू शकायचं, म्हणून तर तुमच्या-माझ्या घरात त्या नावांना एवढा मान.

गेल्या काही दशकांत त्याच्या शेजारी दुसरीच गोष्ट उभी राहिली. स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम, अभिमत विद्यापीठं, खाजगी विद्यापीठं. तिथे प्राध्यापकांच्या पगारापासून लॉनला पाणी घालण्यापर्यंत सगळं मुख्यतः फीमधून भागवायचं. चालवणारी संस्था ख्रिस्ती असली तरी गणित इतर कुठल्याही खाजगी विद्यापीठाचं असतं तेच. यात गैर काही नाही. पण जुन्या मिशन कॉलेजांनी कमावलेल्या विश्वासावर आपण या नव्या फीचा चेक फाडतो, तिथे जरा थांबायला हवं.

आता तुम्ही पत्रात न लिहिलेली गोष्ट. मुंबई विद्यापीठाखालच्या झेवियर्स, विल्सन, सोफिया या तिन्ही ख्रिस्ती संस्थांच्या कॉलेजांत मानसशास्त्र शिकवतात, आणि आर्ट्सचे जुने विषय साधारणपणे अनुदानित बाजूला असतात. अनुदानित म्हणजे प्राध्यापकांचा पगार सरकार देतं. तुमच्याकडून वर्षाला जातात ते काही हजार. लाख नव्हे. शिवाय या संस्था अल्पसंख्याक असल्यामुळे ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी जागा राखलेल्या असतात. खुल्या यादीत जिथे ८६ टक्क्यांना दारही उघडणार नाही, तिथे या कोट्यातून तुमच्या मुलीचा नंबर लागण्याची शक्यता खरीखुरी आहे. बारा लाख देऊन जे ख्रिस्ती नाव तुम्ही लांब जाऊन घेताय, ते लोकलच्या पासावर मिळण्याजोगं आहे आणि घरात कुणी तिथे अर्जच भरलेला दिसत नाही! मला पत्रातली सगळ्यात खटकलेली गोष्ट ही.

एक सावधगिरी मात्र घ्या. एकाच इमारतीत अनुदानित आणि विनाअनुदानित असे दोन्ही वर्ग चालतात. मास मीडिया, मॅनेजमेंट वगैरे अभ्यासक्रम बहुधा विनाअनुदानित असतात आणि त्यांची फी कित्येक पट असते. म्हणून ऑफिसच्या खिडकीवर स्पष्ट विचारा, 'बीए मानसशास्त्र, अनुदानित तुकडी का?' दुसरा प्रश्न विभागात जाऊन विचारायचा. मानसशास्त्राला कायमस्वरूपी प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? अनुदानित कॉलेजांचं आज खरं दुखणं हे आहे. वर्षानुवर्षं पदं भरली जात नाहीत आणि तासावर पैसे मिळणारी मुलं-मुली विभाग ओढत असतात. शिकवतात चांगलं, पण पुढच्या जूनला ती असतील याची खात्री नसते. नाव कितीही जुनं असो, विभागात पूर्ण वेळ माणसंच नसतील तर ते नाव मुलीच्या काही कामाचं नाही. हाच प्रश्न बंगळुरूलाही फोन करून विचारा. तिथलं उत्तर चांगलं आलं तर तो त्यांच्या बाजूचा मुद्दा धरा, मी नाकारणार नाही.

आणि ख्रिस्ती कॉलेजच हवं असा हट्ट नसेल तर माटुंग्याचं रुईया आहे. तिथलं मानसशास्त्र कुठल्याही चर्चच्या शिफारशीशिवाय नावाजलेलं आहे.

बारा लाखांच्या विरोधातलं माझं मुख्य कारण मात्र हे नाही. ते मानसशास्त्र या विषयातच आहे. बी.कॉम. करून माणूस नोकरीला लागू शकतो. बीए मानसशास्त्र करून मुलगी मानसशास्त्रज्ञ होत नाही. तो पहिला जिना. शाळेत समुपदेशक व्हायचं तरी बहुतेक ठिकाणी एमए मागतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून रुग्ण बघायचे असतील तर नुसतं एमए पुरत नाही, भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेलं व्यावसायिक प्रशिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या याच मान्यतेला बांधलेली आहे. म्हणजे तुमची मुलगी या वाटेने गेली तर पदवीनंतर आणखी तीन-चार वर्षं शिकणार आहे. आणि नोकरी देणारा, रुग्ण पाठवणारा डॉक्टर, सगळे शेवटची पदवी बघतात. एमए कुठून केलं, प्रशिक्षण कुठल्या हॉस्पिटलात झालं. बीए कुठून केलं हे तोवर कोण विचारतो!

म्हणून पैसा मागे ठेवायचा. आज सात लाख मोडले तर मुलगी एमएच्या उंबऱ्यावर उभी असेल तेव्हा मिस्टर निवृत्तीच्या तोंडाशी असतील, धाकटा बारावीत पोचून त्याच्या फीची वेळ जवळ आलेली असेल आणि डोक्यावर कर्ज असेल. तेच सात लाख सात टक्क्यांनी पडून राहिले तर पाच वर्षांत पावणेदहा लाखांच्या वर जातात. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग आहे, देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. दोन्ही ठिकाणं ठाण्याहून रोज जाऊन-येऊन करता येतात. तिथे नंबर लागला तर एफडीला फारसा हात लागणार नाही. नाही लागला आणि बाहेरगावी चांगलं प्रशिक्षण मिळालं, तर तेव्हा खर्च करा, बिनदिक्कत करा. तो खर्च तिच्या व्यवसायाच्या उपयोगाचा असेल.

यात कुणी सुचवेलच, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. मानसशास्त्र घरबसल्या करण्याच्या भानगडीत पडू नका. दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने हा विषय शिकवणं थांबवा, असं यूजीसीनेच, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानेच, २०२५ मध्ये विद्यापीठांना सांगितलंय.

कर्जाचंही थोडं बोलू. पाच लाख, दहा टक्के व्याज, सात वर्षं धरलीत तर महिन्याला साधारण ८,३०० रुपये हप्ता. प्रत्यक्षात जास्त बसेल, कारण शिकत असतानाच्या काळात आणि त्यानंतरच्या सवलतीच्या वर्षात हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. हा हप्ता सुरू होईल तेव्हा मुलगी एमएच्या वर्गात असेल. म्हणजे तो भरणार कोण? मिस्टरच. निवृत्तीच्या वयाला. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही म्हणून ते सोपं वाटतं, एवढंच.

(वाशीच्या फादर अ‍ॅग्नेलसारख्या ख्रिस्ती संस्थेत इंजिनिअरिंगला घालावं का, असंही काही आयांनी विचारलंय. त्यांना इथेच सांगते, तुमचं गणित वेगळं. राज्यातल्या विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. कॅप, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या फेरीतून प्रवेश घेतलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटातल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, २०२४ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून शिरलात किंवा अभिमत अथवा खाजगी विद्यापीठात गेलात तर ही सवलत हातची गेली. त्यामुळे कुणी 'सीट करून देतो' म्हणालं तर आधी कॅपची फेरी संपू द्या.)

ताई, तुम्हालाही एक कागद तपासायला सांगते. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना आपल्याकडे अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, पण महाराष्ट्रात त्यांचा समावेश ओबीसीत आहे. तुमच्या घराण्याला हे लागू असेल आणि दाखला काढलेला नसेल, तर या विषयावर घरात गप्प बसण्याची आपली जी सवय आहे ती बाजूला ठेवा आणि काढा. एमएच्या वेळी, शिष्यवृत्तीच्या वेळी त्याचा उपयोग होतो.

आता दिरांचं म्हणणं. त्यांची काळजी मी हसण्यावारी नेत नाही. ज्या राज्यात शंभरात जेमतेम एक माणूस ख्रिस्ती आहे, तिथे पोरं कुठे रमतात याची काळजी वाटणारच. पण ख्रिस्ती विद्यापीठ म्हणजे ख्रिस्ती विद्यार्थी, हे त्यांचं गृहीतच चुकतंय. घटनेच्या कलम ३० ने संस्था काढायचा आणि चालवायचा हक्क अल्पसंख्याकांना दिलाय. वर्गात कोण बसेल याची हमी त्यात नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात ख्रिस्ती २.३ टक्के होते. एवढं मोठं विद्यापीठ भरायचं तर वर्गात बहुतेक मुलं इतर धर्मांचीच असणार, आणि तसंच असावं. कॅम्पसवर चॅपल असेल, नाताळचा कार्यक्रम दणक्यात होईल, मूल्यशिक्षणाचा तासही असेल. पण तुमची मुलगी रविवारी सकाळी उठून उपासनेला जाईल की नाही, हे कुलगुरू ठरवत नाहीत. चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत तिने जे ऐकलं, तुमच्या घरात रात्रीची प्रार्थना होते की नाही, चर्चच्या तरुण संघात तिच्या मैत्रिणी आहेत की नाही, यावर ते ठरतं. आणि हे सगळं ठाण्यात आहे. नगरकडची पुष्कळ घरं प्रोटेस्टंट, अशा बऱ्याच विद्यापीठांच्या संस्था कॅथलिक, तेव्हा उपासनेची रीतही वेगळी पडेल. बंगळुरूत मराठी उपासना तर शोधतच फिरावं लागेल. संस्कार टिकवायला तिला तिच्या मंडळीपासून, म्हणजे तिच्या चर्चपासून, हजार किलोमीटर लांब धाडायचं, हे तर्कशास्त्र मला काही कळलं नाही.

(दिरांच्या मनात पुढेमागे 'आपल्यातलं स्थळ' हाही विचार असू शकतो. असला तर तो बारा लाखांच्या हिशोबात धरू नका. मुलगी अठराची आहे.)

राहिली मुलगी. तुमच्या एवढ्या लांब पत्रात तिचं एकच वाक्य आलंय आणि माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिक तेच आहे. तिने 'मला ख्रिस्ती विद्यापीठात जायचंय' असं म्हटलेलं नाही, 'मला बाहेर जायचंय' असं म्हटलंय. कोपरीच्या फ्लॅटमध्ये नववीतल्या भावाच्या शेजारी बसून अभ्यास करणाऱ्या मुलीला स्वतःचं टेबल हवंसं वाटलं तर तो हट्ट नव्हे. तुम्ही 'इथेच कुठेतरी' म्हणता तेव्हा तिला त्यात रोज सातच्या आत घरात, नातेवाइकांची बारशी आणि आईची नजर ऐकू येत असेल. म्हणून नुसतं नाही म्हणू नका. ती नाराजी तीन वर्षं घरात राहते, आणि ती बारा लाखांपेक्षा स्वस्त नसते.

तिच्याशी बोला, आणि बोलताना मिस्टर किंवा दीर समोर नकोत. तिला नेमकं काय हवंय ते काढून घ्या. होस्टेलच हवं असेल तर सोफियाला मुलींचं होस्टेल आहे, मुंबईत वायडब्ल्यूसीए या ख्रिस्ती महिला संघटनेची आहेत. जागा सहज मिळत नाही आणि फुकट तर नाहीच, पण अनुदानित फी अधिक मुंबईतलं होस्टेल हा आकडाही बंगळुरूच्या आसपास जाणार नाही. वेगळं शहर हवं असेल तर तिला तसं वचन द्या, 'एमए जिथे मिळेल तिथे, पैसे बाजूला ठेवलेत, पासबुक बघ.' पासबुक खरंच दाखवा. या वयाच्या मुलांचा आपल्या शब्दांवर विश्वास कमी आणि कागदावर जास्त असतो, त्यात त्यांची फारशी चूकही नाही.

लोकलचं मी गोड करून सांगणार नाही. ठाण्याहून सकाळच्या गर्दीत सीएसएमटी गाठायचं म्हणजे रोज जाऊन-येऊन दोन तास तरी गेले. झेवियर्स तिथून चालत आहे, विल्सनला गाडी बदलावी लागेल, सोफिया त्याहून आडवळणाचं. तिच्या जिवाला हे झेपणार नसेल तर रुईया किंवा त्याहून जवळचं कॉलेज, हे मी आनंदाने मान्य करेन. पहिल्या पायरीवर कॉलेजच्या नावापेक्षा झोप महत्त्वाची.

बंगळुरूला हो कधी म्हणाल? विद्यापीठाने लेखी शिष्यवृत्ती दिली आणि खर्च निम्म्याच्या खाली आला, तर. ती तीन वर्षं चालू राहायला किती गुण लागतील हेही त्या पत्रात असायला हवं. पहिल्या वर्षी सूट आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण फी, असलं काही असेल तर नाही. तोंडी आश्वासन असेल तरीही नाही.

दहा दिवसांचा धाक फार घेऊ नका. आजच तिघांनी बसून मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी झालीय का बघा. त्याशिवाय विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत अर्ज पुढे सरकत नाही. झेवियर्स, रुईयासारख्या स्वायत्त कॉलेजांचे अर्ज त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळावर वेगळे भरायचे असतात, तारखाही वेगळ्या असतात. अल्पसंख्याक कोट्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला आणि धर्माची नोंद असलेला शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवा. मंडळीचं रजिस्टर नगरला असेल तर पाळकसाहेबांना आजच फोन करा, दाखला यायला वेळ लागतो.

यादी लागायच्या आत बंगळुरूची मुदत संपत असेल आणि मिस्टरांचा जीव राहत नसेल तर पहिला हप्ता भरा, पण विद्यापीठाने जाहीर केलेली प्रवेशाची शेवटची तारीख लिहून घेऊन. यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे त्या तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी प्रवेश रद्द केला तर फी परत मिळते. प्रक्रियेचे म्हणून पाच टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ५,००० रुपये कापू शकतात. पंधरापेक्षा कमी दिवस उरले असतील तर ९० टक्के, तारखेनंतरच्या पंधरा दिवसांत ८० टक्के, महिन्याच्या आत ५० टक्के, आणि महिना उलटला की काहीच नाही. होस्टेलची अनामत वेगळी असते, तिचा नियम भरण्याआधी ईमेलवर विचारा. मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणाकडे ठेवू नका. ती ठेवून घ्यायचा अधिकार त्यांना नाही. तपासून लगेच परत मागा. एफडीला या दहा दिवसांत हात लावायचा नाही. पहिल्या हप्त्यापुरते पैसे बचत खात्यातून द्या. नसतील, तर दिरांकडून महिन्याभरासाठी उसने घ्या. पैशाकडे बघू नका असं तेच म्हणालेत.